परदेशी गिऱ्हाईकासाठी कुशन शिवताय? आगीच्या लेबलाचं काम कोल्हापुरात बसून कसं करायचं

आमचं वर्कशॉप म्हणजे राजारामपुरीत घराच्या खालच्या मजल्यावर चार मशिनी, एक कटिंग टेबल आणि पावसाळ्यात फोम कुठं ठेवायचा यावरनं कायमची भांडणं. झोपाळ्याच्या गाद्या, सोफ्याची कव्हरं, खिडकीतल्या बैठकीची कुशनं, सगळं मापावर शिवून देतो. एका ओळखीतनं इंग्लंडात लेस्टरच्या एका फर्निचरच्या दुकानाकडनं चौकशी आली, चाळीस सीट कुशनं, खणाच्या कापडातली, पैसे पण बरे. मेलच्या शेवटी एक ओळ होती, फायर लेबल लावून पाठवा. मला वाटलं लेबल म्हणजे लेबल, साइजच्या टॅगसारखं काहीतरी असंल, मग काय, इंटरनेटवरनं एक फोटो काढला, त्यातला मजकूर जसाच्या तसा सॅटिनच्या पट्टीवर छापून घेतला, शिवला आणि फोटो काढून पाठवून दिला. दोन दिवसांनी उत्तर आलं, लेबल छान आहे, आता त्याच्यामागचे टेस्ट रिपोर्ट पाठवा.

रिपोर्ट? कुठले रिपोर्ट?

ती चाळीस कुशनं गेलीच नाहीत. त्यातली सहा अजून आमच्या हॉलमध्ये आहेत, पाहुणे आले की म्हणतात काय सुंदर आहेत हो, आणि माझ्या पोटात कळ येते. लेबल म्हणजे लग्नपत्रिका आहे बघा. ती सगळ्यात शेवटी छापायची असते, आणि मी नवरी ठरायच्या आधीच पत्रिका वाटून मोकळी झालेली. म्हणून हे लिहायला घेतलं, आपल्याकडं मापावर कुशन शिवून बाहेर पाठवायला लागलेल्या बायका-पोरं बरीच झाल्यात आणि सगळी तीच चूक करतायत.

एक आधीच सांगते, हे नियम तिकडचे आहेत. इथं शाहूपुरीतल्या गिऱ्हाईकाला झोपाळ्याची गादी दिली तर तो फक्त डेन्सिटी विचारतो आणि कापड फिकं तर पडणार नाही ना एवढंच विचारतो. माल समुद्र ओलांडणार असेल तेव्हाच पुढचं सगळं.

१. आधी चार प्रश्न विचारा, माप नंतर घ्या

ऑर्डर आली की आपला हात पहिल्यांदा टेपकडं जातो. थांबा. आधी हे विचारा: कुशन कुठल्या देशात जाणार, अमेरिकेत असेल तर कुठल्या राज्यात. घरात वापरणार का हॉटेल-कॅफेत. आत ठेवणार का अंगणात. आणि त्याच्यावर बसणार का नुसतं शोभेला सोफ्यावर टाकणार.

हे चारही प्रश्न नियम बदलतात. उदाहरण घ्या, अमेरिकेत जे कुशन फक्त बाहेर, अंगणातल्या खुर्चीसाठी म्हणून बनवलंय ते त्यांच्या फर्निचरच्या आगीच्या नियमातनं सुटतं, पण इंग्लंडात बागेतलं फर्निचर जर घरात आणून वापरण्यासारखं असेल तर ते नियमात येतंच. तसंच इंग्लंडात सोफ्यावर टाकायच्या छोट्या कुशनला मुख्यतः आतल्या भरावाचा नियम लागतो, बसायच्या कुशनला मात्र भराव आणि कापड दोन्हीचा. आणि हॉटेलसाठी असेल तर इंग्लंडात घरगुती नियम बाजूलाच राहतो, तिथं बीएस म्हणजे ब्रिटिश स्टँडर्ड ७१७६ नावाचं वेगळं स्टँडर्ड मागतात, त्यात धोक्याच्या पायऱ्या आहेत, हॉटेल साधारण मिडियममध्ये धरतात.

ही उत्तरं व्हॉट्सअॅपवर नको, मेलवर घ्या. नंतर गिऱ्हाईक म्हणतं मी तर घरासाठीच सांगितलं होतं, आणि आपल्याकडं दाखवायला काही नसतं.

२. कुशनचे थर सुटे करून बघा

आपल्याला कुशन एकच वस्तू दिसते. लॅबवाल्याला ते तीन दिसतात: वरचं कापड, मधला अस्तराचा थर असेल तर तो, आणि आतला भराव म्हणजे फोम, फायबर, कापूस जे असेल ते. प्रत्येकाला वेगळी परीक्षा आणि प्रत्येकाचा वेगळा कागद.

आणि आग पण दोन जातीची धरतात, हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सोपं जातं. गुऱ्हाळावर कधी बसला असाल तर माहीत असंल, चुलवाणात चिपाड टाकलं की भडकतं, आणि गोवरी मात्र आतल्या आत धुमसत राहते, ज्वाळा दिसत नाही पण तासाभरानं हात लावून बघा. कापडाचं तसंच आहे. पेटती काडी लागली तर काय होतं ही एक परीक्षा, आणि पेटती सिगारेट कुशनच्या खाचेत पडून राहिली तर काय होतं ही दुसरी. जाड सुती कापड, हातमागाचं, ज्यूटचं, ही सिगारेटखाली गोवरीसारखी धुमसतात. पॉलिस्टर सिगारेटखाली वितळून मागं सरतं, म्हणून तिथं बऱ्याचदा निभावतं, पण काडीच्या ज्योतीपुढं तेच वितळणं अंगाशी येतं, भोक पडतं आणि ज्योत थेट फोमवर. म्हणजे एकच कापड एका देशात पास आणि दुसऱ्यात नापास, यात लॅबवाल्याची काही चूक नसते.

लोकर वेगळीच. ती सहज पेटत नाही आणि ज्योत बाजूला घेतली की बहुतेक वेळा आपली आपण विझते. आपल्याकडच्या घोंगडीच्या कापडाची कुशनं करायचा विचार असेल तर हा मुद्दा गिऱ्हाईकाला जरूर सांगा, पण घोंगडी आहे म्हणून टेस्ट नको असं मात्र समजू नका.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला हे सगळे नखरे वाटायचे. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, आम्ही खासबागेच्या बाजूला उभं राहून बघत होतो, तेव्हापासनं नखरे हा शब्द काही तोंडातनं निघत नाही.

३. इंग्लंडचा हिशोब

तिथला कायदा १९८८ चा आहे, फर्निचर अँड फर्निशिंग्ज फायर सेफ्टी रेग्युलेशन्स, नंतर १९८९, १९९३, २०१० आणि २०२५ मध्ये दुरुस्त्या झाल्या. सगळा वाचायला गेलात तर डोकं धरून बसाल, कुशनवाल्याला लागतं ते एवढं.

फोम: फोमच्या ठोकळ्यांवर १७ ग्रॅम वजनाच्या लाकडी काड्यांचा छोटासा चौक रचून पेटवतात, त्याला क्रिब फाइव्ह म्हणतात, बीएस ५८५२ मधला पाच नंबरचा सोर्स. त्यात फोमचं वजन ६० ग्रॅमपेक्षा कमी घटलं पाहिजे. साधा फोम यात टिकत नाही, मग तो ३२ डेन्सिटीचा असो नाहीतर ४० चा. डेन्सिटी भारी म्हणून फोम आगीला टिकतो असं नाही, हे मी तीन-तीनदा सांगते कारण आपल्याकडं भारी डेन्सिटी म्हणजे सगळ्यातच भारी असा समज आहे. फोमचे तुकडे भरायची सवय असेल तर तेसुद्धा पास झालेल्या फोमचेच लागतात, कटिंगला उरलेला भुगा गोळा करून भरला असं चालत नाही. फायबर किंवा कापसाच्या भरावाला वेगळी टेस्ट आहे.

कापड: एक सिगारेटची टेस्ट आणि एक काडीची. काडीच्या टेस्टला कापड साध्या, न पास होणाऱ्या फोमवर ताणून त्याला २० सेकंद गॅसची ज्योत लावतात आणि नंतर २ मिनिटांच्या आत ते विझलं पाहिजे. आणि त्याच्याआधी कापड पाण्यात भिजवून वाळवतात. हे भिजवणं महत्त्वाचं, कारण आपल्याकडं काही लोक बाटलीतलं फायरप्रूफ लिक्विड फवारून देतात, ते पाण्यात निघून जातं, आणि टेस्ट तिथंच खलास. मी ते पण करून बघितलंय, डाग पडलेलं कापड आणि नापास रिपोर्ट दोन्ही मिळाले.

आता सगळ्यात कामाची गोष्ट. कापडात वजनानं कमीत कमी ७५ टक्के कापूस, लिनन, व्हिस्कोस, मोडाल, रेशीम किंवा लोकर असेल आणि त्याच्यावर कसलं कोटिंग नसेल, तर काडीच्या टेस्टऐवजी त्याच्याखाली पास झालेलं आगरोधक अस्तर घालायची सोय कायद्यात आहे. त्याला ते इंटरलायनर म्हणतात. अस्तर पण क्रिब फाइव्हला पास झालेलं पाहिजे, आणि वरच्या कापडाला सिगारेटची टेस्ट तरीही लागतेच. आम्हाला ही वाट माहीत असती तर सुती खण वापरून ती चाळीस कुशनं वाचली असती. आमचा खण पॉलिस्टरच्या धाग्याचा निघाला, दुकानदार मात्र शपथेवर सुती सांगत होता.

लेबल: कायमचं शिवलेलं लेबल लागतं. त्यावर केअरलेसनेस कॉजेस फायर हे वाक्य कॅपिटल इंग्रजी अक्षरांत, म्हणजे हलगर्जीपणानं आग लागते. मोठ्या प्रकारच्या लेबलावर तिथल्या पहिल्या पुरवठादाराचं नाव आणि पोस्टकोड, बनवल्याची किंवा आयात केल्याची तारीख, भरावाचं वर्णन, कापडाचं वर्णन, आणि अस्तर आहे का नाही. छोट्या प्रकारात बॅच नंबर असतो आणि कुठल्या टेस्ट केल्यात त्याचा गोषवारा. मी मोठंच वापरते, गिऱ्हाईकाचे प्रश्न कमी येतात. पहिला पुरवठादार म्हणजे आपण नव्हे, माल तिथं उतरवून घेणारा, त्यामुळं त्याचं नाव-पत्ता त्याच्याकडनंच लेखी मागवा.

जुन्या गाइडमध्ये अजून एक लोंबतं, दुकानात दिसेल असं तिकिट लावा म्हणून लिहिलेलं असतं. ते ३० ऑक्टोबर २०२५ पासनं बंद झालंय. एक पोरगी हजार तिकिटं छापून बसली होती, विचारलं तर म्हणाली मी तर यूट्यूबवर बघितलं.

४. अमेरिकेचा हिशोब, आणि इथं इंग्लंडची अक्कल चालत नाही

अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा टीबी ११७-२०१३ हा नियम २५ जून २०२१ पासनं देशभर लागू केलाय, १६ सीएफआर पार्ट १६४० म्हणून, सीएफआर म्हणजे तिथल्या केंद्र सरकारची नियमावली. फर्निचरसोबत जाणारं सुटं कुशनसुद्धा त्यात धरलंय. इथं काडी नाही, फक्त सिगारेट, म्हणजे चिपाड सोडा, गोवरी बघा. कापडाच्या टेस्टला पेटती सिगारेट खाचेत ठेवून ४५ मिनिटं बघतात, जळाल्याची उभी खूण ४५ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. कापड नापास झालं तर त्याच्याखाली पास झालेला बॅरियर थर घालून मार्ग निघतो. भरावाची वेगळी टेस्ट आहेच.

फोमच्या बाबतीत मात्र इथं फार मोठा खड्डा आहे. इंग्लंडच्या क्रिब फाइव्हसाठी फोममध्ये सहसा आगरोधक केमिकल घालतात. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासनं असल्या फर्निचरमध्ये ही केमिकल १००० पीपीएमच्या वर, म्हणजे हजारात एक भागाच्या वर चालतच नाहीत. म्हणजे इंग्लंडसाठी महाग घेतलेला, अभिमानानं ठेवलेला फोम तुम्ही कॅलिफोर्नियाच्या ऑर्डरला वापरलात तर नियम मोडला. दोन्हीकडचं काम करत असाल तर दोन्ही फोम वेगवेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या रंगाचा मार्कर मारून ठेवा. आमच्याकडं लाल आणि निळा आहे, आणि तरी एकदा मिसळलेच.

लेबलं अमेरिकेत तीन प्रकारची डोक्यात ठेवा.

पहिलं, २५ जून २०२२ पासनं सक्तीचं कायमचं लेबल, त्यावर एकच ठरलेलं इंग्रजी वाक्य: कंप्लाइज विथ यू.एस. सीपीएससी रिक्वायरमेंट्स फॉर अपहोल्स्टर्ड फर्निचर फ्लेमेबिलिटी. सीपीएससी म्हणजे ग्राहकांच्या वस्तूंची सुरक्षा बघणारी तिथली सरकारी संस्था. शब्द बदलायचा नाही, आपलं इंग्रजी सुधारून घालायचं नाही.

दुसरं, माल कॅलिफोर्नियात विकला जाणार असेल तर तिथलं टीबी ११७-२०१३ चं नोटीस लेबल आणि त्याच्यासोबत केमिकलचा खुलासा, म्हणजे ह्या मालात आगरोधक केमिकल घातलंय किंवा घातलेलं नाही असे दोन चौकोन असतात, त्यातल्या एकात खूण करायची. ही खूण फोमवाल्याच्या लेखी कागदाशिवाय करू नका, तोंडी नाही म्हणणाऱ्यानं उद्या हात वर केले तर लेबलावर नाव आपलं.

तिसरं म्हणजे लॉ लेबल, गाद्या-उशांवर असतं ते, त्यावर सगळा माल नवीन आहे असं वाक्य आणि भरावाची वजनानं टक्केवारी, आणि एक रजिस्ट्री नंबर. तीसेक राज्यांत हे चालतं. हे आगीचं नाही, भरावाच्या स्वच्छतेचं आहे, पण गिऱ्हाईक तिन्हीला फायर लेबलच म्हणतं, म्हणून सांगितलं. नंबर कोणाचा टाकायचा ते खरेदीदाराशी ठरवा.

युरोपातल्या बाकीच्या देशांत असा एकच घरगुती नियम नाही, खरेदीदार बहुतेक ईएन १०२१ या युरोपियन स्टँडर्डचे भाग १ आणि २ मागतो, म्हणजे सिगारेट आणि काडी. पण १३ डिसेंबर २०२४ पासनं तिथं विकायच्या वस्तूला तिथलाच एक जबाबदार माणूस किंवा कंपनी नाव-पत्त्यासकट लागते, तेवढं आधी विचारा.

५. फोमवाला आणि कापडवाला काय दाखवतो, आणि त्यात काय बघायचं

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, बाकीचं एकवेळ विसरलात तरी चालेल.

मी एका फोमवाल्याला विचारलं एफआर म्हणजे आगरोधक फोम आहे का, तो म्हणाला आहे की ताई, सर्टिफिकेट पण आहे. मी खूष. सर्टिफिकेट होतं एफएमव्हीएसएस ३०२ चं. ते गाडीच्या सीटचं स्टँडर्ड आहे, त्यात आडवी पट्टी मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा हळू जळाली की पास, म्हणजे जळते पण हळू जळते. क्रिब फाइव्हच्या जवळपास पण नाही. तो माणूस खोटं बोलला नव्हता, मी चुकीचा प्रश्न विचारला होता. एफआर आहे का असं विचारूच नका, बीएस ५८५२ सोर्स पाचचा रिपोर्ट आहे का असं विचारा.

अमेरिकेसाठी कागद मागितला की काही जण टीबी ११७ चं जुनं सर्टिफिकेट देतात. शेवटी २०१३ आहे का बघा. जुना १९७५ चा नियम वेगळा होता, त्यात ज्योतीची टेस्ट होती.

कापडवाल्याकडं ओईको-टेक्सचा कागद असतो, छान रंगीत असतो, पण तो कापडातल्या घातक केमिकलचा आहे, आगीचा नाही. आझो फ्रीचा कागद रंगातल्या केमिकलचा, त्याचा पण आगीशी संबंध नाही.

रिपोर्ट हातात आला की एवढं बघते मी: कुणाच्या नावावर आहे, कुठल्या कापडाचा किंवा ग्रेडचा आहे, वजन म्हणजे जीएसएम किती लिहिलंय, तारीख कधीची, आणि आपण घेतोय तो माल तोच आहे हे बिलावरनं जुळतं का. कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला ठोक कापड घेताना बिलावर नुसतं सोफा क्लॉथ असं लिहून देतात, त्यांना सांगून क्वालिटी नंबर आणि लॉट नंबर घालून घ्या, कुरकुर करतील पण घालतात. इचलकरंजीतनं लूमवर विणून घेत असाल तर उलट सोपं पडतं, ताणा-बाणा काय धागा घातला ते लेखी मिळतं, आणि त्या ७५ टक्क्यांच्या हिशोबाला तेच लागतं.

धागा ओळखायची घरगुती रीत पण आहे. चार धागे काढा, चिमट्यात धरा, अंगणात, बाजूला पाण्याची बादली, आणि काडी लावा. कागद जळाल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती किंवा तसलंच काही. केस जळाल्याचा वास म्हणजे लोकर नाहीतर रेशीम. काळा कडक मणी झाला तर पॉलिस्टर. दुकानदाराचा खोटेपणा पकडायला एवढं बास, पण ही टेस्ट नव्हे, हिचा व्हिडिओ गिऱ्हाईकाला पाठवू नका. मी पाठवला होता.

६. गिऱ्हाईक म्हणालं, कापड माझं घ्या

कस्टम कामात हे होणारच. आईची पैठणी, आजीचं इरकल, लग्नातला शेला, त्याचं कुशन करून द्या म्हणतात. भावना कळते, मला स्वतःला असली कामं आवडतात. पण त्या कापडाचा रिपोर्ट जगात कुठं नसतो, आणि साडीतनं टेस्टला तुकडा कापायचा तर कुशनला उरत नाही.

मी आता असं करते. इंग्लंडची ऑर्डर असेल तर आधी बघते कापड खरंच नैसर्गिक धाग्याचं आहे का, जरीचं वजन पण त्यात धरावं लागतं बरं का, जरीत हल्ली प्लास्टिकच जास्त. ७५ टक्क्यांत बसत असेल तर तसल्याच कापडाचा दुसरा तुकडा लॅबला देऊन सिगारेटची टेस्ट आणि खाली अस्तर. बसत नसेल तर बसायचं कुशन घेतच नाही, शोभेचं छोटं कुशन करून देते, आत पास झालेला भराव घालून. आणि ते पण पटत नसेल तर हात जोडते. असं केल्यामुळं दोन ऑर्डरी गेल्या, जाऊ देत.

घरच्या माणसानं स्वतःचं कापड स्वतःच्या घरासाठी दिलं तर नियम लागतो का, असा वाद घालणारे भेटतात. वाद त्याला त्याच्या देशात घालू दे. आपण लेबलावर जे छापतो ते खरं पाहिजे, एवढंच आपल्या हातात.

७. लॅब कशी गाठायची

एनएबीएल म्हणजे लॅबना मान्यता देणारी आपल्याकडची संस्था, तिच्या संकेतस्थळावर लॅब शोधता येते, पण नुसती लॅब मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर जाऊ नका, तिच्या स्कोपच्या यादीत तुमची नेमकी टेस्ट आहे का ते बघा. मुंबईत प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटी आहे, घाटकोपरला बीटीआरए ही कापडाची संशोधन संस्था आहे. जवळचं म्हणाल तर इचलकरंजीच्या डीकेटीई कॉलेजात कापडाच्या बऱ्याच टेस्ट होतात, धाग्याचं प्रमाण काढून घ्यायला तिथं विचारा, आगीच्या टेस्टचं मात्र आधी फोन करून पक्कं करा.

फोनवर तीन गोष्टी विचारा: स्टँडर्डचं पूर्ण नाव आणि साल सांगून ही टेस्ट करता का, सँपल किती मोठं लागतं, आणि रिपोर्टवर मान्यतेची खूण येते का. सँपल पाठवताना त्याच रोलमधला एक तुकडा स्वतःकडं ठेवा आणि रिपोर्टला स्टेपल करा.

टेस्टचा खर्च एका कुशनवर टाकलात तर कुणी घेणार नाही. म्हणून आम्ही कापडांची निवडच कमी केली. पूर्वी गिऱ्हाईकाला ऐंशी नमुने दाखवायचो, आता परदेशी ऑर्डरला सात कापडं, दोन फोम, एक अस्तर. रंग गिऱ्हाईकानं निवडावा, पण ह्या सातातनं. धंदा कमी होईल वाटलं होतं, तसं झालं नाही.

८. लेबल छापणं आणि शिवणं

आता कुठं पत्रिका छापायची वेळ आली. मजकूर स्वतः टाइप करा, छापणाऱ्याला फोटोवरनं टाइप करायला सांगू नका. आमच्या पहिल्या लेबलावर केअरलेसनेसमधला एक एस गायब होता.

पट्टी सॅटिन किंवा टाफेटाची, शाई पक्की. छापून आली की एक पट्टी गरम पाण्यात साबणानं चोळा, रात्रभर भिजवा, वाचता येतंय का बघा. अमेरिकेच्या लेबलाला फाटणार नाही असं मटेरियल लागतं, कॅलिफोर्नियाचं नोटीस लेबल कमीत कमी २ बाय ३ इंच आणि अक्षरं कमीत कमी एक अष्टमांश इंच उंच. अक्षर बारीक करून खर्च वाचवू नका.

शिवताना झिपच्या बाजूच्या शिलाईत, दोन टोकं आत जातील असं. पिनेनं, गमनं नाही. कव्हर सुटं निघणारं असेल आणि वेगळं विकत असाल तर त्याला त्याचं लेबल वेगळं. आमच्या शिवणाऱ्या काकूंना लेबल दिसायला घाण वाटतं म्हणून त्या ते आत दुमडून शिवायच्या, तेव्हा शिवणाऱ्यांना पण सांगून ठेवा हे कशासाठी आहे ते.

९. वही ठेवा

मोबाइलमध्ये नको, जाड लेजर वही. प्रत्येक बॅचला एक पान: बॅच नंबर, तारीख, कापडाचा चौकोनी तुकडा चिकटवलेला, फोमवाल्याचं बिल नंबर, अस्तराचा लॉट, रिपोर्ट नंबर, किती नग, कुणाला गेले, आणि वापरलेल्या लेबलाची एक पट्टी. इंग्लंडच्या कायद्यात नोंदी ५ वर्षं ठेवायला लागतात, तिथला खरेदीदार त्या आपल्याकडनंच मागतो. नवा रोल आला की नवं पान, जुन्या रिपोर्टवर नव्या कापडाचं लेबल लावायचा मोह होतो, रंग तोच असतो ना. करू नका, डायिंग बदललं की कापड बदललं असंच धरायचं.

१०. पाठवताना लागणारे कागद

हे थोडक्यात, कारण याच्यावर सीए जास्त चांगलं सांगतील. आयईसी म्हणजे निर्यातीचा कोड डीजीएफटीच्या, म्हणजे सरकारच्या परदेशी व्यापार खात्याच्या संकेतस्थळावर ५०० रुपयांत निघतो, आणि दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये तो अपडेट करावा लागतो, बदल काही नसला तरी. जीएसटी नंबर असेल तर कर न भरता निर्यात करायला एलयूटी म्हणजे हमीपत्र भरा. कुशन ९४०४ या एचएस कोडखाली, म्हणजे कस्टमच्या मालाच्या वर्गवारीच्या नंबराखाली येतं. पोस्टानं पाठवत असाल तर पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट.

खोक्यासोबत मी ठेवते ते असं:
- इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, दोन्हीवर बॅच नंबर
- फोम, कापड, अस्तर यांच्या टेस्ट रिपोर्टच्या कॉप्या
- केमिकल घातलंय का नाही याचं फोमवाल्याचं सहीचं पत्र, अमेरिकेसाठी
- कापडातल्या धाग्यांच्या प्रमाणाचा कागद
- शिवलेल्या लेबलाचा जवळनं काढलेला फोटो

यादीतला शेवटचा फोटो माल पाठवायच्या आधीच खरेदीदाराला मेल करते आणि ठीक आहे असं उत्तर आल्याशिवाय खोकं बंद करत नाही. त्या लेस्टरच्या दुकानाला मागच्या वर्षी परत मेल टाकला होता, सगळे रिपोर्ट जोडून. बारा कुशनं मागवली त्यांनी, घोंगडीच्या कापडातली.